काकांच्या मापाची खुर्ची

माझ्या मावशीच्या दुकानाला पाटी नाही. लाव म्हणून मी तिच्या किती मागे लागले, पण ती ऐकेल तर शपथ. "ज्याची पाठ दुखते तो विचारत विचारत येतो," म्हणते. आणि येतात खरे लोक. गल्लीच्या तोंडाशी किल्ल्या करून देणारा बसतो. त्याला विचारलं की तो मान वर न करता हातातल्या कानशीनेच दिशा दाखवतो, "मापवाली ना? आत जा, इस्त्रीच्या दुकानाला लागून." तिथे अर्ध्यावर उचललेल्या शटरच्या आत एक लांबोडकी खोली आहे. गिऱ्हाइकांना वाकून आत शिरावं लागतं. मावशीला लागत नाही, त्यामुळे शटर पूर्ण वर करायला हवं हे तिच्या डोक्यातही येत नाही.

मावशी बुटकी आहे. आमच्या घरात सगळेच बेताच्या उंचीचे, पण तिच्या बाबतीत जरा जास्तच काटकसर झाली. हे मी मुद्दाम आधीच सांगतेय, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरूनच घडलं.

मावशी खुर्च्या करते. एका माणसासाठी एक खुर्ची, आणि ती पूर्ण झाल्याशिवाय दुसरी हातात घेत नाही. खोलीत मधोमध एक विचित्र दिसणारी मापाची खुर्ची आहे. तिची बैठक खालीवर होते, पाठीची फळी पुढेमागे सरकते, हात वर-खाली करता येतात आणि सगळीकडे लाकडी खुंट्या. पहिल्यांदा येणारा माणूस तिच्याकडे दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखा बघतो. मावशी त्याला बसवते आणि लगेच माप घेत नाही. चहा ठेवते. इकडचं तिकडचं विचारते. स्वतः फळीवर रंधा मारत राहते. तिचं म्हणणं, परक्या खुर्चीत माणूस आधी फोटोला बसल्यासारखा बसतो, ते माप त्याचं नसतंच. गप्पा मारता मारता कधीतरी खांदे उतरतात, एक पाय पुढे सरकतो, माणूस आपल्या दुखण्याच्या कलाने बसतो. मग मावशी हातातलं काम ठेवते, "आता बसलात," म्हणते आणि एक लाकडी पट्टी घेऊन त्याच्यापाशी जाते. गुडघ्याची एक खाच, मांडीची एक, कोपराची एक, कमरेच्या खळगीची एक. आकडे नाहीत, कागद नाही. माणूस म्हणजे एक पट्टी, आणि ती पट्टी भिंतीवरच्या खिळ्याला. अख्खी भिंत अशी भरलेली आहे. कुठलीही पट्टी काढून तिच्या हातात द्या, ती खाचांवरून बोट फिरवते आणि सांगते, "हे बसचे ड्रायव्हर. उजव्या कुल्ल्यावर बसायचे, पाकिटामुळे."

त्या ड्रायव्हरकाकांचा किस्सा मी डोळ्यांनी पाहिलाय. मापाला म्हणून आले आणि दुपारभर बसले. बायको गेल्याचं सांगताना रडले. मावशीने रंधा खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. खुर्ची तयार झाली, टेम्पोत घालून नेली, आणि त्यानंतर ते दुकानात कधीही आले नाहीत. रस्त्यात दिसले तर लांबून हात करतात. त्यांचं काहीच चुकलेलं नाही. खुर्ची चांगली झाली, पाठ दुखायची थांबली, आता कशाला यायचं? जी जन्मात एकदाच घ्यावी लागते अशी वस्तू मावशी विकते. शिंप्याकडे माणूस परत जातो, न्हाव्याकडे जातो, अगदी त्या किल्लीवाल्याकडेही परत जातो. मावशीकडे नाही. मी एकदा वैतागून म्हटलं, "थोडी वाईट कर गं एखादी. निदान भांडायला तरी येतील." ती हसली, पण जरा उशिराने.

आता काकांबद्दल सांगायला हवं. काका म्हणजे मावशीचे यजमान. घटस्फोट वगैरे काही नाही. ते मोठ्या घरात राहतात, ती या खोलीच्या मागच्या अर्ध्या भागात राहते, आणि मध्ये मी. मी काय पोस्टमन आहे का, असं मी दोघांनाही विचारून चुकलेय. दोघंही "नाही गं" म्हणतात आणि पुढचा निरोप सांगतात.

माझे आजोबा सुतार होते. मावशीचा हात बसला म्हणून त्यांनी तिला काम शिकवलं. माझ्या आईला शिकवलं नाही, कारण तिने पहिल्याच दिवशी अंगठ्यावर हातोडी मारून घेतली. लग्न झालं तेव्हा काका एका लोखंडी सामानाच्या दुकानात विक्रीच्या कामाला होते. उंचपुरे, देखणे, बोलायला वस्ताद. लग्नाच्या फोटोत मावशी त्यांच्याशेजारी स्टुलावर उभी आहे. फोटोत ते कळत नाही, पण आई प्रत्येक वेळी आठवणीने सांगते. भाड्याच्या खोलीत खुर्ची नव्हती, म्हणून मावशीने नवऱ्याला समोर बसवून माप घेतलं आणि एक खुर्ची केली. काका दिवसभर उभं राहून आलेले. बूटही न काढता खुर्चीत बसले, पाठ टेकवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "ही विकली जाईल."

तेव्हा मावशीला ते कौतुकच वाटलं, आणि होतंही ते कौतुकच. काकांना प्रेम त्याच भाषेत करता यायचं.

खुर्ची विकली गेली. मग तशाच दहा, मग शंभर, मग शेड, मग कारखाना. लाकूड महाग पडायला लागलं तेव्हा लोखंडी पाइप आला, मग प्लास्टिकचा साचा आला. सगळं बदललं, माप मात्र बदललं नाही. काकांचा त्या मापावर विश्वास होता. आपल्या अंगाला बसलेली गोष्ट साऱ्या जगाला बसेल असं वाटणं हा काही फार भयंकर दोष नाही, बऱ्याच पुरुषांत असतो. आणि धंद्याने त्यांना खोटंही पाडलं नाही. दवाखान्यात, शाळेच्या ऑफिसात, समारंभाच्या हॉलमध्ये, जिथे जाल तिथे तीच खुर्ची. माझ्या स्वतःच्या ऑफिसात तीच आहे. सारं गाव काकांच्या मापावर बसतं आणि संध्याकाळी घरी जाऊन कंबर दाबून घेतं.

मावशीकडे तोवर पैसा आला, मोठं घर आलं, नोकरमाणसं आली आणि हातातला रंधा गेला. ती कारखान्याच्या ऑफिसात सह्या करायची. घरात जेवणाच्या टेबलाला अर्थातच कारखान्याच्याच खुर्च्या. लहानपणी मी सुट्टीत जायचे तेव्हा आमचे दोघींचे पाय टेबलाखाली लोंबकळायचे. मला ती मज्जा वाटायची. पुढे माझे टेकायला लागले, तिचे तसेच राहिले. मग ती एक पाय दुमडून मांडीखाली घ्यायची आणि मुंग्या आल्या की दुसरा.

कारखान्याचा कसलासा वाढदिवस होता, त्या दिवशी तिचं बिनसलं. मोठा हॉल, व्यासपीठ, हार-तुरे. मालकीणबाई म्हणून तिला व्यासपीठावर मधोमध बसवलेलं, आणि साऱ्या गावासमोर तिचे पाय हवेत. ते तिने कदाचित गिळलंही असतं. पण वरून तिला समोरचे लोक दिसले. उंच माणसं गुडघे छातीशी घेऊन बसलेली, म्हाताऱ्या बायका खुर्चीच्या कडेला टेकलेल्या, पोरं घसरणारी. "अख्खा हॉल चुळबुळत होता गं," ती मला पुढे म्हणाली, "आणि माईकवर जो येईल तो सांगत होता की आम्ही लोकांना आराम दिला."

त्या आठवड्यात तिने काकांना सांगितलं, आपण तीन मापं करू. लहान, मधलं, मोठं. काका म्हणाले, तीन मापं म्हणजे तीन साचे, तीन गोदामं, तिप्पट डोकेदुखी. खपणाऱ्या वस्तूला हात लावायचा नसतो. त्यांचंही चूक म्हणता येणार नाही, कारखान्यात राबणाऱ्या माणसांचे पगार त्या एका साच्यातून निघत होते. मावशी पुन्हा बोलली नाही. भांडण असं झालंच नाही, हीच तर पंचाईत. भांडले असते तर मिटलं असतं. काही दिवसांनी तिने आजोबांचं कामाचं टेबल माळ्यावरून उतरवलं, हत्यारं पिशवीत घातली आणि ही खोली घेतली. काका म्हणाले, "खूळ आहे. महिन्याभरात येशील." तिने म्हटलं, "या एकदा तिकडे, तुमचं माप घेते." काका म्हणाले, "मला कुठलीही खुर्ची चालते." ते खरंच होतं. गावातली प्रत्येक खुर्ची त्यांच्याच मापाची होती.

खोलीत आल्यावर तिने पहिली खुर्ची स्वतःची केली, ठेंगणी. त्यात बसून तिने दोन्ही तळवे जमिनीवर टेकवले आणि म्हणे कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. मी तेव्हा कॉलेजात होते. भेटायला गेले तर म्हणाली, "बघ, टेकले." एवढंच. आई घरी येऊन कपाळाला हात लावून बसली. "सुखातला जीव दुःखात घालायची हौस बाई हिला. एवढं मोठं घर सोडून भुशात लोळतेय."

भुशात ती खरंच आनंदात आहे. मी याची साक्ष कुठेही द्यायला तयार आहे. लाकडाची फळी पुढे ओढून ती तिच्यावरून तळवा फिरवते तेव्हा तिचा चेहरा बघावा. एकदा एक हॉटेलवाला आला. वडिलांसाठी केलेली खुर्ची त्याला आवडली होती. म्हणाला, "अशा साठ करून द्या, म्हणाल ती किंमत."

"साठ माणसं पाठवा," मावशी म्हणाली.

तो हसला. "अहो बाई, हॉटेल आहे. कोण कधी येऊन बसेल, कसं सांगू?"

"मग तसल्या बाजारात मिळतात की. आमच्या ह्यांचाच कारखाना आहे, पत्ता देऊ?"

आणि दिला तिने पत्ता! साठ खुर्च्यांचं काम काकांना मिळालं. काकांनी माझ्याबरोबर निरोप धाडला, "तिला सांग, तिचं कमिशन घेऊन जा." मावशीने उलट निरोप धाडला, "त्यांना सांग, येऊन द्या." ना ती गेली, ना ते आले. मी मात्र दोन्हीकडचा चहा प्यायले.

पण आनंद दिवसाचा होता. एकदा शटर ओढताना मी तिथेच होते. गल्लीतले आवाज एकदम बंद झाले आणि खोलीत नुसता लाकूड चिकटवायच्या सरसाचा वास उरला. मावशीने एकटीपुरता स्वयंपाक गरम केला. खोलीत बसायला एकच खुर्ची, तिची ठेंगणी. मला तिने मापाच्या खुर्चीत बसवलं. म्हणाली, "मी खूश आहे गं, खोटं नाही बोलत. सकाळी रंधा हातात घेतला की संध्याकाळ कधी होते कळत नाही. संध्याकाळ झाली की मात्र कळतं." मग भिंतीकडे हात करून म्हणाली, "एवढी माणसं येऊन गेली. सगळ्यांची कंबर मला पाठ आहे. आणि ज्या माणसाचं माप घेऊन मी हे सगळं सुरू केलं, त्याची पट्टी नाही."

हेच मी काकांना सांगितलं. मी निरोप नेहमी जसाच्या तसा देत नाही, पण तो दिला. तिची गिऱ्हाइकं परत येत नाहीत, संध्याकाळी तिला करमत नाही, हेही वर माझ्या पदरचं घातलं. काका पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं आणि म्हणाले, "तिला कुणी जा म्हटलं होतं?" थोड्या वेळाने त्यांनी तेच पान परत उलटलं.

अशी वर्षं गेली. काकांनी कारखाना विकला. मग ते घरातच घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हातात काठी आली. मी मावशीला सांगायला गेले तेव्हा ती पटाशीला धार लावत होती. मी म्हटलं, "काकांचं बरं आहे आता. पण चालणं फार होत नाही. दिवसभर बसून असतात."

तिचा पहिला प्रश्न असा, "कशावर?"

"कशावर म्हणजे? खुर्चीवर."

"कुठल्या?"

"टेबलाच्या. तीच आपली. आणि हाश-हुश करत असतात."

तिने पटाशी खाली ठेवली. "त्यांना म्हणावं, एकदा मापाला या. मी टेम्पो पाठवते. शटर पूर्ण वर करीन."

शटर पूर्ण वर करीन! मी तशीच काकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "काठी टेकत तिच्या दारात जाऊ? नको. आणि मला कुठलीही खुर्ची चालते." बोलताना ते एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर होत होते.

"तू जा ना त्यांच्याकडे," मी मावशीला म्हटलं. पण तिचंही घोडं तिथेच पेंड खात होतं. माप नाही तर खुर्ची नाही, आणि खुर्ची हातात नसताना त्या घरी कुठल्या तोंडाने जायचं? माणूस पाठदुखीने बेजार होऊन विचारत यावा, ही तिची उभ्या जन्माची शिस्त. ती नवऱ्यासाठी मोडायची, तर निदान रिकाम्या हाताने नको, असं तिचं तिरपागडं गणित.

मग तिने जे कुणासाठी केलं नव्हतं ते केलं. माप न घेता खुर्ची करायला घेतली. "त्यांचं माप मला कशाला घ्यायला हवं," म्हणाली, "डोळे मिटून सांगते." आणि खरंच डोळे मिटून, हवेत हात धरून तिने पट्टीवर खाचा केल्या. एवढा गुडघा, एवढी मांडी, एवढा खांदा. मी समोर उभी होते. तिचे हात हवेत जिथे थांबले तिथे मलाही क्षणभर काका दिसले. इतकी सुंदर खुर्ची तिने आजवर केली नव्हती. खुर्चीच्या हातांच्या कडा इतक्या गुळगुळीत की त्यावरून पाणी निथळावं. पॉलिश वाळत होतं तेवढे दिवस ती दुसऱ्या कामाला शिवली नाही, नुसती भोवती फिरत राहिली. "आवडेल ना गं त्यांना?" एवढ्या वर्षांत तिने कुणाच्याही खुर्चीबद्दल हा प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. मी काय सांगणार? ते बसलेच नाहीत तर हिचं काय होईल, याचाच मला घोर लागला होता.

टेम्पोतून आम्ही दोघी गेलो. दार काकांनीच उघडलं, काठी टेकत. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिले, आणि टेम्पोवाला खुर्ची उचलून दोघांच्या मध्ये, "कुठे ठेवू? कुठे ठेवू?" करत.

"आलीस," काका म्हणाले.

"खुर्ची ठेवायला आले. बसा अहो, बघा तरी."

काका नाही म्हणतील अशी मला धास्ती होती. पण ते मागे सरकत सरकत टेकले. पाठ लावली. खुर्चीच्या हातांवर हात ठेवले. डोळे मिटले. मावशी त्यांच्या पायाशी गुडघ्यावर बसली होती, कुठल्याही गिऱ्हाइकापाशी बसते तशी. काकांनी बैठकीच्या कडेवरून बोटं फिरवली आणि अचानक हसायला लागले.

"अगं, ही तर आपलीच खुर्ची!"

"कुठली आपली?"

"कारखान्याची. पहिली. तंतोतंत. आयुष्यभर हेच माप विकलंय मी, मला कळणार नाही?"

मावशी त्यांच्या पायांकडे बघत होती. मीही बघितलं. काकांनी पाठ टेकवली होती आणि त्यांच्या टाचा जमिनीपासून उचलल्या गेल्या होत्या. त्यांनी टाचा टेकवायचा प्रयत्न केला तशी पाठ सुटली. पाठ टेकवली तशा टाचा सुटल्या. बूट नव्हते, मांड्या वाळल्या होत्या, पाठीला पोक आलं होतं, खुब्याने एक पाय आखडला होता. मावशीने डोळे मिटून ज्या माणसाचं माप घेतलं होतं तो लोखंडी सामानाच्या दुकानातून दमून येणारा तरणाताठा माणूस होता. साऱ्या गावाला एका मापावर बसवलं म्हणून जी घर सोडून गेली, तिने त्याच मापावर आणून त्यालाही बसवलं होतं.

काकांना हे कळलं की नाही, माहीत नाही. ते आपल्या अधांतरी पायांकडे बघत होते. मग टेबलाच्या खुर्च्यांकडे त्यांचं लक्ष गेलं.

"तुझे असेच राहायचे का गं?"

"तुमची निदान बोटं टेकतायत," मावशी म्हणाली.

"बोलली नाहीस कधी."

"बोलले होते की. तीन मापं करू म्हटलं होतं."

काकांनी काठी आडवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "मला वाटलं, धंद्याचं बोलतेयस."

मला तिथे थांबवेना. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला. परत आले तेव्हा मावशी खुर्चीचा पाय धरून उठवत होती, "उठा, परत नेते. माप घेते आणि दुसरी करून आणते. ही ढळढळीत चूक आहे," आणि काका दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरून बसले होते.

"असू दे."

"असू दे काय? कंबर धरेल."

"धरू दे. ही म्हणत होती, तुझी खुर्ची नीट झाली की माणूस परत तोंड दाखवत नाही." त्यांनी एक हात सोडवून काठी माझ्याकडे रोखली. "माझी नीट झाली की तू कशाला येशील?"

मावशीने त्यांच्याकडे बघितलं. मग पिशवीतून लहान करवत काढली. "एक सूत काढते," म्हणाली, "बाकीचं पुढच्या खेपेला." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जेमतेम दोन नाण्यांची जाडी. काकांना उठवून तिने खुर्ची उलटी केली, चारही पायांना खूण केली आणि एकेक सूत कापलं. भुसा खाली पडला तो तिनेच झाडला. केरसुणी कुठे आहे हे तिला विचारावं लागलं.

परतीच्या वाटेवर ती टेम्पोत रडली. "मी त्यांना बघितलंच नव्हतं गं इतकी वर्षं. डोक्यातल्या माणसासाठी खुर्ची केली." थोड्या वेळाने मी बिचकत विचारलं, "मग आता तिकडेच राहायला जाणार का?" तर नाक पुसत म्हणाली, "तू काय सिनेमा बघतेयस? माझं टेबल तिथे मावणार आहे का?" आणि काकांनी ये म्हटलंही नव्हतं. जे निसटलं ते निसटलं. ती अजूनही रात्री त्या ठेंगण्या खुर्चीत एकटी जेवते, आणि काका मोठ्या घरात एकटे. डोळे मिटून केलेल्या त्या पट्टीने ती आता सरस ढवळते.

दर रविवारी मात्र ती करवत पिशवीत घालून जाते. आधी चहा होतो. मग काका बसतात, पाठ टेकवतात, आणि मावशी खाली बसून त्यांच्या टाचेखालून कागदाचा कपटा सरकवून बघते. कपटा सुळकन निघाला की एक सूत कापायचं आणि निघायचं. नवी पट्टी तिने अजून केलेली नाही. एकदाच बसून माप घेतलं असतं तर एका रविवारी सगळं काम झालं असतं, हे सांगायला मी कोण?

गेल्या रविवारी मी बरोबर होते. खुर्ची आता बरीच खाली आलीय. मावशीने चष्मा लावला आणि कपटा टाचेखाली घातला.

"टेकतायत का हो?"

"छे. अजून नाही."

मी टेबलापाशी बाजूला उभी होते, मला तिथून स्वच्छ दिसत होतं. काकांच्या मांड्या ताठ झाल्या होत्या आणि ते टाचा उचलून धरत होते. ज्या बाईला माणसाचे उतरलेले खांदे पाठमोरी असतानाही कळतात, तिचा हात त्यांच्या घोट्याला लागलेला होता. तिने कपटा हळूच ओढून बाहेर काढला आणि चष्मा काढून मिटला.

"हो, थोडं आहे खरं अजून," ती म्हणाली, "पुढच्या रविवारी बघू." आणि तिने करवत पिशवीतून बाहेरच काढली नाही.